रिपोर्ट येईपर्यंत

विषाणू थेट ओळखणारी स्वस्त चाचणी आपल्या गावापर्यंत कधी येणार?

२०२० सालच्या मार्च महिन्यात सातारा-सांगलीकडच्या घराघरांत एकच प्रश्न विचारला जात होता : रिपोर्ट आला का? २३ मार्च रोजी सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपुरात सौदी अरेबियातून परतलेल्या चौघांना कोरोना झाल्याचे निष्पन्न झाले. पुढच्या काही दिवसांत घरातली आणि संपर्कातली माणसे धरून हा आकडा पंचविशीच्या आसपास गेला. त्याच सुमारास साताऱ्यातही परदेशातून आलेल्यांमध्ये पहिले रुग्ण सापडले. इस्लामपूरचे नाव देशभरच्या बातम्यांत गेले, अफवांना ऊत आला. एप्रिलमध्ये ही मंडळी बरी होऊन घरी परतू लागली, तेव्हा कुठे लोकांचा जीव भांड्यात पडला.

त्या सुरुवातीच्या दिवसांत नमुने तपासायला जात होते पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत, म्हणजे एनआयव्हीत. इस्लामपूरपासून पुणे सुमारे दोनशे किलोमीटर. नाकातला आणि घशातला स्वॅब घ्यायचा, बर्फाच्या डब्यात ठेवायचा, गाडीने पुण्याला पाठवायचा, तिथे रांगेत नंबर लागायचा आणि मग निरोप यायचा. पुढे एप्रिलमध्ये मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात तपासणीची सोय झाली. त्याच वर्षी कराडच्या कृष्णा रुग्णालयातही ती झाली. अंतर कमी झाले, पण वाट पाहणे संपले नाही.

ज्या घरात आठ-दहा माणसे एकत्र राहतात, तिथे ही वाट पाहणे म्हणजे काय असते हे आपल्याला सांगायला नको. मुलाला ताप आहे आणि दादी शेजारच्याच खोलीत आहे. दोघांचे ताट-वाटी वेगळे करायचे का? सून माहेरी जाणार होती, तिला थांबवायचे का? दुकान उघडायचे की नाही? आणि अशात एखाद्याचा इंतकाल झाला तर त्याहून कठीण वेळ. संशयित रुग्ण म्हणून नोंद असेल तर रिपोर्ट येईपर्यंत मय्यत ताब्यात मिळत नसे. गुस्ल कसा द्यायचा, जनाजाला किती माणसे चालतील, सगळे त्या एका कागदावर अडून राहायचे.

आम्ही हा लेख लिहायला घेतला तो या वाट पाहण्याच्या वेळेसाठी. ही वेळ दोन दिवसांवरून दहा मिनिटांवर आणता येईल का, आणि तीही गरीब घराला परवडेल अशा खर्चात, यावर जगभरच्या प्रयोगशाळांत काम चालू आहे. त्या साधनाला बायोसेन्सर म्हणतात, मराठीत जैवसंवेदक. शब्द नवा वाटला तरी वस्तू आपल्या घरात आधीच आलेली आहे.

विषाणू शोधण्याच्या तीन वाटा

विषाणू डोळ्यांना दिसत नाही. साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही दिसत नाही. कोरोनाचा एक विषाणू साधारण शंभर नॅनोमीटरचा असतो. एक मिलिमीटरची रेघ ओढली, तर तिच्यावर असे दहा हजार विषाणू एकापुढे एक बसतील. इतकी लहान वस्तू शोधायची तर तीन वाटा आहेत.

पहिली वाट पाऊलखुणांची. विषाणू शरीरात शिरला की शरीर त्याच्याशी लढायला प्रतिपिंडे तयार करते. डॉक्टर त्यांना अँटिबॉडी म्हणतात. रक्तात ती सापडली तर कळते की विषाणू इथे येऊन गेला. पण प्रतिपिंडे तयार व्हायला काही दिवस लागतात आणि विषाणू निघून गेल्यावरही ती रक्तात राहतात. म्हणजे चोर घरात आहे की पळून गेला, हे पाऊलखुणा सांगत नाहीत.

सातारा जिल्ह्यातलेच उदाहरण घ्या. मार्च २०२० मध्ये एनआयव्हीच्या शास्त्रज्ञांनी महाबळेश्वरच्या एका गुहेतली वटवाघळे तपासली. डॉ. प्रज्ञा यादव यांच्या चमूचे हे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. काही वटवाघळांच्या रक्तात निपाह विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे सापडली होती. बातमी आली आणि महाबळेश्वर-पाचगणीत घबराट पसरली. प्रतिपिंडे सापडण्याचा अर्थ एवढाच की त्या वटवाघळांचा कधी तरी त्या विषाणूशी संबंध आला होता. गुहेतले प्रत्येक वटवाघूळ आज विषाणू घेऊन फिरत आहे असा तो अर्थ नव्हता, आणि तोपर्यंत महाराष्ट्रात निपाहचा एकही रुग्ण नोंदलेला नव्हता. पाऊलखूण आणि चोर यांतला हा फरक नीट सांगितला गेला असता तर हॉटेलवाल्यांचा आणि फळे विकणाऱ्यांचा जीव एवढा टांगणीला लागला नसता.

एप्रिल २०२० मध्ये हीच गोष्ट देशपातळीवर घडली. परदेशातून प्रतिपिंडे तपासणारी लाखो झटपट किट्स आली. राज्यांनी वापरून पाहिली तेव्हा त्यांची अचूकता कुठे ६ टक्के, तर कुठे ७१ टक्के निघाली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, आधी त्यांचा वापर थांबवायला सांगितला आणि मग ती परत करायला लावली. चाचणी झटपट होती, स्वस्तही होती. पण ज्या कामासाठी तिच्याकडे लोक आशेने पाहत होते, ते तिचे कामच नव्हते.

दुसरी वाट जनुकांची. प्रत्येक विषाणूच्या पोटात त्याची स्वतःची जनुकीय चिठ्ठी असते. ती वाचली की ओळख पटते. पण नाकातल्या थेंबभर स्रावात ती फारच थोडी असते, म्हणून तिच्या प्रती काढाव्या लागतात. ही युक्ती अमेरिकेच्या कॅरी मलिस यांना १९८३ मध्ये सुचली. तिला पीसीआर म्हणतात. प्रत्येक फेरीत प्रती दुप्पट होतात. एकाच्या दोन, दोनाच्या चार, चाराच्या आठ. तीस फेऱ्यांनंतर एका चिठ्ठीच्या शंभर कोटींहून अधिक प्रती होतात. त्यामुळे ही चाचणी सर्वांत भरवशाची. कोरोनाची आरटी-पीसीआर ती हीच.

या वाटेवर आपल्या भागातून मोठे काम झाले. इस्लामपूरचे पहिले रिपोर्ट आले त्याच आठवड्यात पुण्याच्या मायलॅब कंपनीच्या आरटी-पीसीआर किटला मंजुरी मिळाली. भारतात तयार झालेले हे असे पहिले किट. विषाणूतज्ज्ञ मीनल दाखवे-भोसले यांच्या नेतृत्वाखालच्या चमूने ते सहा आठवड्यांत तयार केले. त्या वेळी त्यांचे दिवस भरत आले होते. मूल्यमापनासाठी किट सादर केले आणि दुसऱ्या दिवशी त्यांना मुलगी झाली. आयात चाचणीचा खर्च साडेचार हजारांच्या घरात असताना हे किट बाराशे रुपयांत चाचणी करू शकत होते आणि वेळही अडीच तासांवर आणत होते.

तरीही पीसीआरला यंत्र लागते, वीज लागते, थंड साठवण लागते, शिकलेले हात लागतात. खासगी तपासणीची कमाल किंमत मार्च २०२० मध्ये ४,५०० रुपये होती. महाराष्ट्रात ती टप्प्याटप्प्याने कमी होत मार्च २०२१ च्या अखेरीस ५०० रुपयांवर आली. किंमत उतरली, पण जत तालुक्यातल्या वस्तीवरून किंवा पाटणच्या डोंगरातल्या वाडीवरून स्वॅब लॅबपर्यंत नेण्याचा वेळ काही उतरला नाही.

तिसरी वाट म्हणजे चोरालाच पकडायचे. विषाणूच्या अंगावर किंवा अंगात जी प्रथिने असतात ती ओळखायची, किंवा अख्खा विषाणूच पकडायचा. प्रती काढत बसायचे नाही आणि शरीराच्या उत्तराची वाटही पाहायची नाही. विषाणू आहे की नाही, एवढेच थेट विचारायचे. जैवसंवेदकाची खरी गंमत या तिसऱ्या वाटेवर आहे.

घरातला बायोसेन्सर

आपल्यापैकी अनेकांच्या घरी कपाटात शुगर तपासायचे छोटे मशीन असते. अम्मीच्या किंवा अब्बांच्या बोटाला सुई टोचायची, रक्ताचा थेंब पट्टीला लावायचा आणि काही सेकंदांत आकडा दिसतो. हा बायोसेन्सरच. पट्टीवर एक जैविक पदार्थ असतो, तो फक्त साखरेला ओळखतो. साखर भेटली की रासायनिक क्रिया होते आणि त्यातून अतिशय बारीक वीजप्रवाह निर्माण होतो. मशीन तो प्रवाह मोजते आणि आपल्याला आकडा सांगते.

ही कल्पना अमेरिकेतील लेलंड क्लार्क आणि चॅम्प लायन्स यांनी १९६२ मध्ये मांडली. तेव्हा ती प्रयोगशाळेतली गोष्ट होती. आज हेच मशीन तालुक्याच्या मेडिकल दुकानात मिळते आणि शाळेत जाणारा नातूही आजीची शुगर तपासून देतो. दरम्यान काही दशके गेली हेही लक्षात ठेवले पाहिजे.

दुसरे उदाहरण गर्भचाचणीच्या पट्टीचे. तिच्यात वीज नसते, रंग असतो. लघवीचे थेंब कागदातून ओढले जातात, वाटेत पेरलेल्या प्रतिपिंडांना विशिष्ट द्रव्य सापडले की लाल रेघ उमटते. कोरोनाची अँटिजेन चाचणी याच कुळातली. अशा बहुतेक पट्ट्यांवरची लालसर रेघ कशाची असते माहीत आहे? सोन्याची. सोने अतिसूक्ष्म कणांत फोडले की ते पिवळे दिसत नाही, लाल दिसते. विटा-खानापूर-आटपाडीकडची गलाई कारागीर मंडळी सोने-चांदी गाळण्याच्या कामासाठी देशभर पांगली आहेत. सोने शुद्ध करण्यात सांगली जिल्ह्याचा हात कोण धरणार? तेच सोने नखाएवढ्या पट्टीवर, डोळ्यांना दिसणार नाही इतक्या कणांत, रोग सांगण्याच्या कामी येते.

प्रत्येक जैवसंवेदकात तीन भाग असतात. एक ओळखणारा, म्हणजे नेमक्या त्याच वस्तूला चिकटणारा जैविक पदार्थ. दुसरा खबर देणारा, म्हणजे चिकटल्याची घटना वीज, रंग किंवा प्रकाशात बदलणारा भाग. तिसरा आकडा किंवा रेघ दाखवणारा. शुगरच्या मशीनमध्ये ओळखणारा बदलला आणि त्या जागी विषाणूला पकडणारा बसवला, तर विषाणूचे मशीन तयार होईल का? शास्त्रज्ञांनी हाच प्रश्न धरून ठेवला.

पेन्सिलचे शिसे आणि विषाणूचे कुलूप

एप्रिल २०२० मध्ये दक्षिण कोरियातील शास्त्रज्ञांनी एक संवेदक जाहीर केला. त्यांनी ग्राफीनचा, म्हणजे कार्बनच्या एका अणूएवढ्या जाडीच्या पापुद्र्याचा उपयोग केला. त्यावर कोरोनाच्या काट्यांना चिकटणारी प्रतिपिंडे बसवली. विषाणू येऊन चिकटला की पापुद्र्यातून जाणारा वीजप्रवाह किंचित बदलत होता. स्वॅबचा नमुना प्रती न काढता थेट तपासता येतो, हे त्यांनी दाखवले.

पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात सेझार द ला फुएंते यांच्या चमूने खर्चावर हात घातला. कोरोनाचा विषाणू माणसाच्या पेशीत शिरतो तो एका विशिष्ट दारातून. त्या दाराचे नाव एसीई-२. या चमूने तेच दार, म्हणजे तेच प्रथिन, विजेच्या पट्टीवर बसवले. विषाणूला वाटते पेशी सापडली, तो येऊन बसतो आणि तिथेच पकडला जातो. तो बसला की विजेची वाट अडते, आणि मशीनला ते कळते. त्यांच्या पहिल्या चाचणीला चार मिनिटे लागत आणि एका चाचणीचा खर्च साडेचार-पावणेपाच डॉलर, म्हणजे त्या वेळचे साडेतीनशे रुपयांच्या आसपास.

मग त्यांनी आणखी स्वस्त वाट काढली. विजेच्या पट्टीच्या जागी त्यांनी पेन्सिलचे शिसे वापरले. शिसे आपण म्हणतो खरे, पण पेन्सिलमध्ये असते ते ग्रॅफाइट, म्हणजे कार्बनच, आणि त्यातून वीज चांगली वाहते. त्यावर सोन्याचे सूक्ष्म कण आणि त्या कणांवर तेच प्रथिन. चाचणीचा खर्च दीड डॉलरवर आला, म्हणजे शे-सव्वाशे रुपये. वेळ साडेसहा मिनिटे. पाचवीतल्या मुलाच्या कंपासपेटीत मिळणारी वस्तू विषाणू पकडायला उपयोगी पडते, हे वाचून आम्हालाही नवल वाटले.

भारतातही हात बांधून कोणी बसले नव्हते. दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेतील देबज्योती चक्रवर्ती आणि सौविक मैती यांनी ‘फेलुदा’ ही कागदी पट्टीची चाचणी तयार केली. टाटा समूहाबरोबर तयार झालेल्या या चाचणीला सप्टेंबर २०२० मध्ये मंजुरी मिळाली. ती जनुकांच्या वाटेनेच जाते, पण उत्तर पट्टीवरच्या रेघेत देते. आपल्या शेजारच्या गोव्यात मोलबायो कंपनीचे ‘ट्रूनॅट’ यंत्र बनते. बॅटरीवर चालणारे, टेबलावर मावणारे हे यंत्र साधारण तासाभरात उत्तर देते. मुळात ते टीबीसाठी गाजले. कोरोनाच्या काळात ते तालुक्याच्या रुग्णालयांतही पोहोचले, आणि निपाहची चाचणीही त्यावर तयार झाली. ही दोन्ही साधने म्हणजे पीसीआरला लॅबमधून बाहेर आणण्याचे प्रयत्न. पेन्सिलवाला संवेदक एक पाऊल पुढे जाऊ पाहतो, कारण त्याला प्रती काढाव्याच लागत नाहीत.

मग मेडिकलमध्ये का मिळत नाही?

हा प्रश्न कोणालाही पडेल. शे-सव्वाशे रुपयांत आणि सात मिनिटांत होणारी चाचणी २०२१ मध्ये तयार झाली असेल, तर ती आपल्या गावच्या दुकानात का नाही? याची कारणे समजून घेणे गरजेचे आहे, कारण त्यातूनच चांगली आणि वाईट चाचणी ओळखायला आपण शिकतो.

पहिले कारण असे की थेट शोधताना प्रती नसतात. नमुन्यात विषाणू थोडे असतील तर संवेदकाला ते थोडेच शोधावे लागतात. जून २०२० मध्ये आयसीएमआरने मान्यता दिलेल्या पहिल्या अँटिजेन चाचणीची परीक्षा झाली तेव्हा ती बाधितांपैकी कुठे ५०.६ टक्के, तर कुठे ८४ टक्के माणसांना पकडत होती. पॉझिटिव्ह आली तर मात्र जवळजवळ शंभर टक्के खरी. म्हणून नियम असा केला गेला की लक्षणे आहेत आणि अँटिजेन निगेटिव्ह आहे, तर आरटी-पीसीआर करून खात्री करायची. घरात निगेटिव्ह पट्टी पाहून आजारी माणूस सगळ्यांत मिसळला, तर ती पट्टी उपयोगी पडण्याऐवजी घात करते.

दुसरे कारण नमुन्यातली गर्दी. लाळेत आणि नाकातल्या स्रावात विषाणू एकटा नसतो. प्रथिने, जंतू, अन्नाचे कण, तंबाखू-सुपारीचे अंश असे खूप काही असते. ही सगळी मंडळी संवेदकाला चिकटायला पाहतात. प्रयोगशाळेतल्या स्वच्छ पाण्यात उत्तम चालणारा संवेदक खऱ्या लाळेत अडखळतो, तो यामुळे.

तिसरे कारण ऊन. ओळखणारा पदार्थ बहुधा प्रथिन असतो आणि प्रथिने उष्णतेने बिघडतात. उन्हाळ्यात माण-खटावात, जत-आटपाडीत पारा चाळिशीला टेकतो. पत्र्याच्या छताखाली ठेवलेली पट्टी महिनाभराने तशीच चालेल का? म्हणून आता प्रथिनांऐवजी डीएनएचे खास विणलेले धागे किंवा विषाणूच्या आकाराचे खाचे पाडलेले प्लास्टिक वापरण्याचे प्रयोग चालू आहेत. ते ऊन जास्त सोसतात.

चौथे कारण पुराव्याचे. एक संवेदक हाताने बनवणे आणि दहा लाख संवेदक एकसारखे बनवणे यात फार अंतर आहे. हजारो रुग्णांवर चाचणी घ्यावी लागते, सरकारी मंजुरी लागते. तोपर्यंत साथ ओसरते, गिऱ्हाईक उरत नाही आणि पैसा गुंतवणारे मागे सरतात. साथ आली की सगळे धावतात, गेली की विसरतात. स्वस्त चाचणी मागे पडते ती बऱ्याचदा या विसरण्यामुळे.

आपल्या दोन जिल्ह्यांना याचे काय?

सातारा आणि सांगली हे कृष्णाकाठचे जिल्हे. एकीकडे महाबळेश्वर-जावळीचे पावसाचे डोंगर, दुसरीकडे माण आणि जतचा दुष्काळी टापू. दर हंगामाला साखर कारखान्यांच्या परिसरात मराठवाड्यातून ऊसतोड कुटुंबे येतात, पालात राहतात. महाबळेश्वरला वर्षभर पाहुणे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली शहर पाण्यात होते, आणि पूर ओसरला की डासांचा आणि तापाचा काळ येतो. हज-उमराहला जाणारी आपली माणसे लाखोंच्या गर्दीतून परत येतात. नोकरीसाठी आखाती देशांत गेलेली मुले सुट्टीला घरी येतात. विषाणूला प्रवास करायला आणखी काय हवे?

अशा भागात प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या नर्सताईंच्या हातात, किंवा आशाताईंच्या पिशवीत, एक पट्टी असेल आणि ती दहा मिनिटांत सांगेल की हा ताप फ्लूचा, हा डेंगीचा आणि हा तिसराच, तर काय होईल याचा विचार करा. ऊसतोड्याची मजुरी बुडणार नाही. दादीला वेळेत वेगळ्या खोलीत ठेवता येईल. विनाकारण अँटिबायोटिक दिले जाणार नाही, कारण विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. आणि एखाद्या मोहल्ल्याचे, एखाद्या जमातीचे नाव घेऊन अफवा उठायच्या आत खरी माहिती हातात असेल. इस्लामपूरने आणि पुढे देशभरच्या अनेक वस्त्यांनी २०२० मध्ये ते दिवस काढले आहेत. ज्या ठिकाणी माहिती उशिरा येते, तिथे संशय आधी पोहोचतो.

तोवर घरात काय लक्षात ठेवावे?

नवी साधने येतील तेव्हा येतील. आज हातात असलेल्या चाचण्या नीट वापरल्या तरी पुष्कळ साधते.

डेंगीचेच पाहा. तापाच्या पहिल्या चार-पाच दिवसांत एनएस-१ ही चाचणी उपयोगी, कारण ती विषाणूचे प्रथिन थेट शोधते. त्यानंतर आयजीएम उपयोगी, कारण ती प्रतिपिंडे शोधते. पहिल्याच दिवशी आयजीएम करून ती निगेटिव्ह आली म्हणून निर्धास्त होणे चूक, आणि आठव्या दिवशी फक्त एनएस-१ करून डेंगी नाही म्हणणेही चूक. लॅबमध्ये जाताना ताप कोणत्या दिवशी सुरू झाला ते डॉक्टरांना नेमके सांगावे. घरातल्या एखाद्या मुलीने कॅलेंडरवर तापाची तारीख लिहून ठेवायची सवय लावली तरी मोठे काम होईल.

घरी करायच्या कोरोना चाचणीला देशात पहिली परवानगी मे २०२१ मध्ये मिळाली. मायलॅबचीच ‘कोविसेल्फ’, तेव्हाची किंमत २५० रुपये, वेळ १५ मिनिटे. अशी कोणतीही पट्टी वापरताना डब्यावरची मुदत पाहावी, उन्हात ठेवू नये, सांगितलेल्या वेळेआधी किंवा फार उशिराने रेघ वाचू नये. ‘सी’ अक्षरासमोरची रेघ उमटलीच नाही तर चाचणी बाद समजावी. पट्टी निगेटिव्ह आहे पण माणूस आजारी आहे, तर माणसावर विश्वास ठेवावा आणि डॉक्टरांकडे जावे.

कोणी नवे मशीन घेऊन आले आणि बोट ठेवले की सगळे रोग सांगतो म्हणाले, तर तीन प्रश्न विचारावेत. हे नेमके काय शोधते, विषाणू की प्रतिपिंडे? शंभर आजारी माणसांपैकी किती जणांना पकडते? सरकारी मान्यता आहे का? उत्तरे मिळत नसतील तर खिशात हात घालू नये.

आपली मुले आणि हे काम

शेवटी एक विनंती पालकांना. जैवसंवेदकाचे काम एका विषयाचे नाही. पट्टीवर प्रथिन कसे बसवायचे ते रसायनशास्त्र सांगते, विषाणू कसा वागतो ते जीवशास्त्र, बारीक वीजप्रवाह कसा मोजायचा ते इलेक्ट्रॉनिक्स, आणि आकड्यांतून खरे-खोटे कसे निवडायचे ते संख्याशास्त्र. म्हणजे बीएस्सी करणारी मुलगी, डिप्लोमा करणारा मुलगा आणि फार्मसी शिकणारी पुतणी, तिघांनाही या एकाच टेबलावर जागा आहे.

आणि शिकायला फार लांब जावे लागते असेही नाही. साताऱ्यात रयत शिक्षण संस्थेची महाविद्यालये आहेत, सांगलीत विलिंग्डन आणि वालचंद आहे, इस्लामपूरजवळ साखराळ्यात राजारामबापू तंत्रशास्त्र संस्था आहे. ही दोन्ही जिल्ह्यांची मुले ज्या शिवाजी विद्यापीठाशी जोडली गेली आहेत, त्याच्या पदार्थविज्ञान विभागात पातळ थर, सूक्ष्म पदार्थ आणि संवेदक यांवर वर्षानुवर्षे संशोधन होत आले आहे. पाया इथे आहे. त्यावर उभे राहायला आपली मुले हवीत, आणि मुली तर हव्यातच.

मीनल दाखवे-भोसले यांचे उदाहरण आम्ही वर दिले ते यासाठीच. बारावीनंतर सायन्स नको, लांब पाठवायचे नाही, लगेच लग्न करायचे, असे म्हणण्याआधी घरात एकदा बसून बोलावे. पेन्सिलच्या तुकड्याने, सोन्याच्या कणाने आणि कागदाच्या पट्टीने रोग ओळखता येतो हे जिला समजले, ती मुलगी उद्या अशी पट्टी बनवू शकते की मिरज-पुण्याला न जाता जतच्या वस्तीवर, पाटणच्या वाडीवर रिपोर्ट दहा मिनिटांत मिळेल. पुढची साथ कधी येईल ते अल्लाहलाच ठाऊक. तयारी मात्र आपल्या हातात आहे, आणि ती साथ नसताना करायची असते.